परतीरीचे तेज

कार्तिकी पौर्णिमेची सांज. चंद्र अजून डोंगराआड होता. कृष्णेच्या जळावरची केशराची शेवटची रेघ विरघळली आणि घाटावरची दीपमाळ पेटली. ज्योतीला ज्योत बिलगली; माथ्यावरच्या थोर काकड्याने जणू साऱ्यांचे तेज पिऊन टाकले.

पायथ्याशी पार्वतीबाई उभ्या होत्या, उपाशी. धाकटी जाऊ वत्सला भरले घर सोडून परतीरी एकटी राहू लागली, तेव्हापासूनचा त्यांचा अबोल नेम: परसदारातून तिचा दिवा दिसावा, मगच घास घ्यावा.

आज घाटावरून पाहिले, तर परतीर काळे. काळे, निःशब्द, अथांग.

शेजारी लेक मृण्मयी, दूरदूरच्या दीर्घिकांचे, अब्जावधी ताऱ्यांच्या त्या समूहांचे, तेज मोजणारी, सणाला आलेली. दीपमाळेकडे पाहत म्हणाली, "आई, आकाशातही असेच थवे असतात गं दीर्घिकांचे. मधोमध एक महातेजस्वी, शेजारणींना गिळून थोर झालेली. भोवती असंख्य मिणमिणत्या."

"म्हणजे थोरली जाऊच की!" पार्वतीबाई हसून बोलून गेल्या. बोलल्या, आणि नजर परतीराकडे वळली.

मग हलकेच, "आणि थव्याबाहेरच्या?"

"विरळ, एकाकी. एवढी थोर तिथे क्वचितच. पण त्यांच्यात अजून नवे तारे जन्मतात, निळेनिळे. गर्दीतल्या बहुधा विझत आलेल्या."

"मग धाकटीचा दिवा का नाही गं दिसत? तिला काही झालं तर नसेल?"

"अगं, दीपमाळेखाली उभी राहून शोधतेस? मंद तेज असतंच. झगमगाटात ते डोळ्यांना गवसत नाही. आमचीही मोजणी अशीच फसते."

तिने आईला खालच्या पायरीवर नेले, उजेडाकडे पाठ करवली, पदर डोळ्यांवर आडोशासारखा ओढला. "थांब जरा."

काळोख आधी काळोखच राहिला. मग त्याच्या गर्भात चाफेकळीएवढे काही उमलले. थरथरते, एकाकी, पण जागे.

पार्वतीबाईंचे हात जोडले गेले. नेम पुरा झाला होता. घराकडे मात्र पाऊल वळेना.

"नावाडीदादा, पलीकडे सोडता?"

"आत्ता? सारा गाव हिकडं येतोय, वहिनी, अन् तुमी उलट्या?"

"हो, उलटच जायचंय."

नाव सुटली. मागचा झगमगाट आकसत गेला. समोरचे इवले तेज वाढत गेले, वाढत गेले. त्याच्या कडेने एक आकृती उठली.

"कोण गं?"

"मी."

वल्ह्याखाली कृष्णेचे काळे पाणी दुभंगत होते, आणि मागे, संथ संथ, पुन्हा सांधले जात होते.