बादशहापुढे नऊ वेळा

२००५ सालच्या हंगामात मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर कापसानं भरलेल्या आमच्या बैलबंड्या पाच दिवस रांगेत उभ्या होत्या. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येईना, वजनाचा काटा हलेना. मी पेशानं इतिहासाचा मास्तर, रिकामं बसलं की माझं डोकं फिरतं. म्हणून बारा वर्षं पेटीत पडलेलं माझं नाटक तिथंच बसवायला बाहेर काढलं.

गोष्ट सोपी. युरोपातून आलेल्या पाद्र्याला चीनच्या बादशहाला धर्म सांगायचाय. बादशहाला फक्त महालातली बंद घड्याळं चालू करून हवीत. पण दरबारात शिरायचं तर आधी तीनदा गुडघे टेकायचे आणि नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचं. तिथला रिवाजच होता तसा.

बादशहा केला शब्बीरला. गेटजवळ त्याचं घड्याळदुरुस्तीचं खोकं. मिशा झुपकेदार, आवाज खणखणीत. पाद्री भीमराज, माझ्या पुढच्या बंडीवाला आणि शब्बीरचा लंगोटीयार.

पहिल्याच तालमीत गाडं अडलं.

"गुरुजी, बाकी सारं करतो, डोकं टेकवत नाई," भीमराज म्हणाला. "बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरचं कोणी कोणाच्या पायावर पडलं नाई."

"अरे, नाटक आहे हे!"

"मंग नाटकात तरी काहून पडू?"

मी जाम भडकलो. इतिहास म्हणजे इतिहास, तो काय याच्या मर्जीनं बदलू? पण गडी ढिम्म. शेवटी तेवढा भाग गाळून तालमी उरकल्या. शब्बीर गिऱ्हाइकं सोडून यायचा, आपली वाक्यं म्हणून पळायचा. पाद्री दरबारात शिरल्यावर काय करणार, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

प्रयोगाच्या दुपारी मी भीमराजपुढे रडगाणं लावलं. बारा वर्षं थांबलोय बाबा, एवढा एकच प्रसंग! त्यानं बैलांना वैरण टाकली. मग "बरं" म्हणाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

संध्याकाळी केंद्राचं यार्ड खचाखच भरलं. भरल्या पोत्यांच्या सिंहासनावर शब्बीर ऐटीत बसलेला. भीमराज पुढे आला, थांबला, एक गुडघा टेकला. मग दुसरा. हात जमिनीला लावून तो वाकू लागला, तशी बादशहानं धाडकन खाली उडी मारली.

"अबे उठ! काय करून राह्यला? सजदा फक्त अल्लाले! मले कायले पापात ढकलतं?"

त्यानं भीमराजला काखेत हात घालून उभं केलं, ओढत नेऊन सिंहासनावर शेजारी बसवलं. "बस इथं. आता सांग, घड्याळाले काय झालं?"

लोकांनी टाळ्याशिट्ट्यांनी यार्ड डोक्यावर घेतलं. मी विंगेत, म्हणजे दोन ट्रकांच्या मधे, दातओठ खात उभा. मग भीमराजचा चेहरा दिसला. हसत होता, पण डोळे गच्च भरलेले. मी या माणसाला काय करायला लावत होतो, ते मला तेव्हा कळलं. फार लाज वाटली.

नाटक संपल्यावर त्याला गाठलं. "भीमराज, चुकलं माझं."

"तुमचं जाऊ द्या, गुरुजी," तो म्हणाला. "मी 'बरं' म्हणलो, ते घरी बापाले कसं सांगू?"