कुणीच न मागितलेलं फूल

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. माझे पुढचे दोन दात पडले आहेत आणि डावा कान अर्धा फाटका आहे. तरीही तुम्ही मला नावानं हाक मारलीत, तर मी उठून येईन. हे नाव मला चौथ्या खेपेला मिळालं. आधीची तीन नावंही फुलांचीच होती, आणि त्या तीन नावांपायी माझ्यावर बेघर होण्याची वेळ आली होती.

धाराशिवहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची फुलांची बाग आहे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. बाग बिस्मिल्लाबी आणि त्यांचे धाकटे भाऊ गफार बागवान यांची. इथली फुलं शुक्रवारी दर्ग्यात जात आणि सोमवारी महादेवाच्या देवळात. शेजारच्या शेतातल्या दगडाबाई फुलं तोडायला येत. त्यांच्याच कडब्याच्या गंजीखाली माझा जन्म झाला. मी दोन महिन्यांची झाले, तेव्हा बिस्मिल्लाबींनी मला रिकाम्या पाटीत घालून बागेत आणलं, कारण शेळ्या कुंपणातून शिरून रोपं खात होत्या.

या बागेत एक रीत होती. बिस्मिल्लाबींच्या वडिलांनी ती घालून दिली होती. बागेत राहणाऱ्या प्रत्येक जिवाला फुलाचं नाव द्यायचं, आणि ज्याला नाव दिलं त्याला विहिरीच्या पाण्याचा वाटा द्यायचा. मोटेचे बैल होते केवडा आणि चाफा. मोटेचं पाणी थारोळ्यात पडलं की आधी ते दोघं पीत, मग पाणी पाटानं वाफ्यांत जाई. घराच्या उंबऱ्याआत मला मनाई होती, कारण तिथं नमाज होत असे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझं काम बाहेरच होतं.

मी आले तेव्हा मोगरा बहरात होता, म्हणून माझं नाव मोगरा ठेवलं. नाव ऐकलं की धावत यायचं, हे मी तीन दिवसांत शिकले. चौथ्या दिवशी सोमवार होता. देवळासाठी फुलं नेणारे शिवलिंगप्पा फाटकाबाहेरून ओरडले, "मोगराऽऽ हाय का?"

मी धावत गेले आणि आनंदानं त्यांच्यासाठी भरून ठेवलेल्या पाटीत तोंड घातलं.

"म्या फुलं मागितली बिस्मिल्लाबी," शिवलिंगप्पा हसून म्हणाले, "शेपूट न्हाय मागितलं!"

कुत्र्याचं तोंड लागलेली फुलं देवालाही चालत नाहीत आणि दर्ग्यातही चालत नाहीत. ती पाटी उकिरड्यावर गेली.

मग बिस्मिल्लाबींनी विचार करून झेंडू हे नाव निवडलं. त्या वेळी बागेत झेंडूची नुसती रोपं होती आणि कुणी झेंडू मागत नव्हतं. फुलं पिकवणारी माणसं चालू हंगामाकडे पाहून ठरवतात, तशी त्यांची ही चूक झाली. दसऱ्याला फाटकाशी गर्दी जमली आणि प्रत्येक जण "झेंडू, झेंडू" म्हणू लागला. मी प्रत्येकाकडे गेले. जाताना दर वेळी फुलांच्या राशीवरून गेले, कारण तीच वाट सर्वांत जवळची होती. त्यानंतर शेवंतीला अजून अवकाश होता, म्हणून माझं नाव शेवंती झालं. शेवंती फुलल्यावर काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या दिवशी गफारभाई मोटेवरून खाली आले. ही भावंडं आपसांत दखनी बोलत, पण मी मराठीत सांगते. "आपा, तुम्ही एक तर कुत्रं ठेवा, न्हायतर बाग ठेवा. शेवंतीची शेवटची तोडणी झाली की मी हिला भूमच्या बाजारात नेऊन धनगरांकडं देणार."

"लेकरू हाय ते, गफार."

"लेकरू शहाणं हाय आपा. हाक मारली की येतंय. आपलंच चुकतंय."

 बिस्मिल्लाबी दिवसभर माझ्या अंगावरचे गोचीड काढत बसल्या. रीत मोडून मला साधं नाव द्यावं, तर पाण्याचा वाटा कशाच्या हक्कानं द्यायचा? आणि फुलाचं नाव द्यावं, तर मी पाटीत तोंड घालणार. शेवंतीच्या दोन तोडण्या शिल्लक होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या दगडाबाईंबरोबर बोटांवर फुलं मोजू लागल्या.

"जास्वंद?" बिस्मिल्लाबींनी विचारलं.

"गणपतीला लागतंय."

"रुई?"

"मारुतीला."

"धोतरा तर कुणी मागत नसंल?"

"शिवलिंगप्पालाच इचारा की! महादेवाला धोतराच लागतो."

"मग तरवड. माळावर वाया जातो नुसता."

"नवरात्रात माळा कशाच्या करत्यात मग?" दगडाबाई हसल्या. "बिस्मिल्लाबी, तुमी हिला तण म्हनून हाक मारा. ते कुनी मागत न्हाय."

त्या दोघी हसत होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून शेळ्या आल्या. मी भुंकत त्यांच्यामागे गेले. शेळ्या दगडाबाईंच्या ज्वारीकडे वळल्या, पण बांधाशी येऊन थांबल्या. तिथं ज्वारीच्या कडेनं करडईच्या दोन ओळी होत्या. करडईच्या पानांना काटे असतात, म्हणून शेतकरी ती कडेला पेरतात. एका शेळीनं तोंड पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. मी मात्र ओळीत शिरून उभी राहिले. करडई नुकतीच फुलली होती. मला लाल रंग नीट दिसत नाही, पण पिवळा चांगला दिसतो, आणि तिथं सगळीकडे पिवळं होतं.

बिस्मिल्लाबींनी बांधाशी येऊन माझ्याभोवतीच्या फुलांकडे बोट केलं. "दगडाबाई, हे फूल कुठल्या देवाला जातंय?"

"करडईचं? लई टोचतंय ते. बी घाण्यावर जातं तेलाला. फूल कोन मागतंय!"

"वाळलं की लाल होतंय न्हवं?"

"व्हय. तुमच्या कुत्रीच्या पाठीवरचे केस तांबडे झाल्यात, तसंच."

तिथंच माझं नाव करडई ठरलं.

पण नाव ठरलं म्हणून जुनी नावं कानातून जात नाहीत. बिस्मिल्लाबींनी आठ दिवस मला शिकवलं. त्या माझ्यासमोर बसून सावकाश म्हणत, "मोगरा. शेवंती. झेंडू." मी उठले तर काही मिळत नसे. "करडई" म्हटल्यावर उठले तर भाकरीचा तुकडा मिळे. पहिल्या दिवशी मी दहांपैकी नऊ वेळा चुकले. आठव्या दिवशी एकदाच चुकले.

नवव्या दिवशी शेवटची तोडणी होती. वाफ्याच्या कडेला चार पाट्या भरून ठेवल्या होत्या. गफारभाईंनी खांद्यावर दोरी टाकली होती. ती माझ्यासाठी होती. फाटकाबाहेरून शिवलिंगप्पा ओरडले, "शेवंतीऽऽ हाय का?"

माझे कान उभे राहिले. पुढचे पायही उचलले गेले. बिस्मिल्लाबींनी मला हाक मारली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पाय पुन्हा जमिनीवर ठेवले आणि बसून राहिले.

"आज शेपूट न्हाय का?" शिवलिंगप्पांनी आत डोकावून विचारलं. "चुकल्यासारखं वाटतंय."

"करडई," बिस्मिल्लाबी हळूच म्हणाल्या. मी पाट्यांना वळसा घालून त्यांच्याजवळ गेले.

गफारभाईंनी दोरी खुंटीला अडकवली. एक फुटकं खापर उचललं, थारोळ्यातल्या पाण्यानं भरलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

त्यानंतर बरीच वर्षं शांतपणे गेली. मग १९४८ च्या भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. त्याच्या आधी आणि नंतरही सगळ्याच वस्त्यांत भीती होती. कुणी गाव सोडून गेलं, कुणी दार लावून बसलं. दगडाबाई माहेरी गेल्या होत्या. आमच्या फाटकाला आतून साखळी होती. झेंडू फुलला आणि झाडावरच वाळू लागला. सोमवार आले, शुक्रवार आले, पण कुणी काही मागितलं नाही. बागेत त्या दिवसांत एकाच फुलाचं नाव ऐकू येई, माझं.

दसऱ्याला चार दिवस असताना दुपारी फाटक वाजलं. गफारभाईंनी बहिणीला हातानं गप्प राहायला सांगितलं. फाटक पुन्हा वाजलं. मग कुंपणापलीकडून हाक आली, "करडईऽऽ!"

वाऱ्यावर विभूतीचा ओळखीचा वास होता. मी शेपूट हलवत फाटकाशी गेले.

"उघड, गफार," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "हे फूल मागणारा गिऱ्हाईक न्हवं, आपलाच माणूस असतो."

बाहेर शिवलिंगप्पा रिकामी पाटी घेऊन उभे होते. त्यांनी आधी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "हायसा ना समदी?"

"हाव, अप्पा."

"मग झेंडू द्या. जेवढा असंल तेवढा." त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. "शेपूट नको."

मित्रांनो, तुम्ही घरी एखादं मुकं जनावर आणलंत, तर त्याचं नाव सावकाश निवडा. सुंदर नावं पुष्कळ सापडतील, पण त्या नावानं त्याला कोण कोण आणि कशासाठी बोलावील, याचाही विचार करा. आणि नाव दिलंत की पाण्याचा वाटाही द्या. माझं खापर अजून थारोळ्याशेजारी आहे. बिस्मिल्लाबींची नजर आता अधू झाली आहे, त्या बोट बुडवून ते भरलं आहे की नाही ते पाहतात. रोज सकाळी, बैलांच्या आधी.