धाकटीच्या पाठीवरचे काळे ठिगळ

मी एक जुनी पांढरी उंदरीण आहे. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या पिंजऱ्यात माझे आयुष्य गेले. शाळा शिकले नाही, पण अकरा बाळंतपणे केली. माझ्याइतके चोख कूळ त्या इमारतीत कुणाचे नव्हते, मोठ्या साहेबांचेसुद्धा.

मित्रांनो, १९७४ सालच्या पावसाळ्यात चारुशीलाबाई डॉक्टरांनी माझ्या दोन लेकींच्या पाठीवर काळ्या उंदराच्या कातडीचे ठिगळ शिवले. थोरलीचे दहा दिवसांत वाळून गळले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्याला ओळखतात आणि हाकलतात. स्वभावाने माझ्यावरच गेल्या आहेत. धाकटीला मात्र रोज एका औषधाची सुई होती. त्या औषधाने तिच्या पांढऱ्या पेशी रोडावल्या आणि ठिगळ टिकले. तिसऱ्या आठवड्यात त्यावर काळी लव उगवली. परक्याचे केस, माझ्या लेकीच्या अंगावर! बाई म्हणत, हे जमले तर एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या पोटात अधिक काळ टिकेल.

मग पोळा आला. आमची देखभाल करणारे नत्थूजी गावी बैल पुजून थेट आमच्याकडे आले आणि प्रत्येकीला पुरणपोळीचा घास दिला. मला काही झाले नाही, थोरलीलाही नाही. धाकटी मात्र तिसऱ्या दिवशी लव फुलवून कोपऱ्यात बसली. डोळे उघडेना.

बाईंनी तिच्या शेपटीतले थेंबभर रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पांढऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या; आलेल्या जंतूंना हाकलायला कुणी उरलेच नव्हते.

"नत्थूजी, हात धुतले होते काय?"

"बैलाईले चारून तसाच आलो, बाई. बैलावानी ह्याबी वर्षभर राबतेत. म्हटलं, यायचाबी पोळा झाला पायजे."

मला संताप आला होता. पण आमचा पोळा आजवर केला तरी कुणी होता?

औषध चालू ठेवावे तर लेक जाणार, थांबवावे तर ठिगळ आणि सगळी मेहनत जाणार. बाईंनी भरलेली सुई खाली ठेवली. "ठिगळ पुन्हा शिवता येते," एवढेच म्हणाल्या.

आठवडाभरात पेशी परतल्या. धाकटीने डोळे उघडले, दाणा कुरतडला. आणि ज्या पेशींनी तिला वाचवले, त्यांनीच ते काळे ठिगळ कडेकडेने सुकवून टाकले. ते गळाले तेव्हा मी कितीतरी वेळ हुंगत बसले. डोळ्यांना न दिसणारी एवढीशी फौज, आणि आपले कोण, परके कोण, हे तिला शिकवले तरी कुणी?

पुढच्या पोळ्याला नत्थूजी कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन आले. पोळी नव्हती. पिंजऱ्याच्या दाराला बाहेरूनच हळदकुंकवाचे बोट लावून म्हणाले, "दुरूनच पुजतो आता, माय."

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. पण आधी हात धुवा.