हाक मारताच येणारा

माझ्या लेकाचं कागदावरचं नाव मी कुणाला सांगत नाही. विचारू नका.

ते शोधलं मात्र मीच, तो पोटात असतानाच. अर्थ काय, तर हाक मारताच येणारा. आईला आणखी काय हवं? नवरा म्हणाला, गल्लीत खडा मारला तर याच नावाच्या पोराला लागेल. लागू दे, म्हटलं.

शेजारची नर्स बाळंतिणींच्या वॉर्डात होती. तिथेही ज्याला त्याला हेच नाव सुचतं म्हणाली, पण ते कुठल्या भाषेतलं, पहिल्यांदा कुणी ठेवलं, कुणालाच ठाऊक नाही. जाताना दारात थांबली.

"ठेवा खुशाल. पण त्या नावानं हाक मारू नका."

मला रागच आला. आमच्या इमारतीत त्या नावाची पोरं ढीगभर, आणि आया ओरडायच्या गोट्या, ढब्ब्या, टिल्ल्या. एवढं गोड नाव ठेवायचं आणि पेटीत घालून ठेवायचं? मी रोज गॅलरीतून घसा ताणून तेच नाव घ्यायची. पहिल्या हाकेला लेक हजर. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत नसत.

एका दुपारी मी उशांचे अभ्रे शिवत होते. मशीन थांबवून हाक मारली. जिन्यात पावलं वाजली, दारावर थाप पडली.

"आई, आलो."

त्याचाच आवाज, धाप लागलेला. मी कडीला हात घातला आणि मागे काहीतरी हललं. कापायच्या टेबलाखालून, चिंध्यांच्या ढिगातून, माझा लेक डोळे चोळत बाहेर आला. तिथेच झोपला होता. दाराकडे बघत राहिला. बाहेरून पुन्हा तेच, "आई, आलो ना." लेकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई," तो हळूच म्हणाला, "मग मी कोण?"

मी कडीवरचा हात काढला. त्याला छातीशी आवळलं आणि तोंडाला आलं ते बोलले. "तू ठोंब्या. माझा ठोंब्या आहेस तू." तेच म्हणत बसले, जिन्यातली पावलं खाली उतरेपर्यंत.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ठोंब्या एका हाकेत कधीच येत नाही. दहादा ओरडावं लागतं, तेव्हा कुठे आतून "हो गं" येतं. घसा बसतो माझा. बसू दे.