ग्रुटोसाठी राखीव

अभिजितला पक्ष्यांचा कळवळा कधी आला, हे त्याच्या बायकोला, सुचेताला, कळलंच नाही. पुण्याच्या घरी तो कबुतरांवर चप्पल भिरकावायचा. आता नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनच्या एका कंपनीत बसून तो उपग्रहाच्या फोटोंवरून कुरणं तपासत होता. ठरलेल्या कुरणातलं गवत पंधरा जूनपर्यंत न कापण्याचं सरकार शेतकऱ्यांना अनुदान देतं. कारण ग्रुटो नावाचा लांब चोचीचा पक्षी तिथे पिल्लं वाढवतो. गवत उभं असलं की अभिजितच्या नकाशावर कुरण हिरवं, कापलं की लाल, आणि लाल झालं की अनुदान बंद. आत पक्षी आहे का, हे नकाशा विचारत नसे. अभिजितही नाही.

सुचेता झूटरमेरला घरात बसून कंटाळली, हट्टाने डच शिकली आणि सायकल काढून खेरित नावाच्या शेतकऱ्याकडे पक्ष्यांची घरटी राखायला जाऊ लागली. त्या वर्षी खेरितच्या राखीव कुरणात एकही ग्रुटो उतरला नाही. खत खाऊन गवत असं माजलं होतं की पिल्लाला शिरायला वाट नव्हती. एका जोडीने घरटं केलं ते चराच्या पलीकडे, विरळ गवतात, जिथे अनुदान नव्हतं. अंडी होती तोवर, ट्रॅक्टरने घरटं टाळावं म्हणून, बाजूने बांबू रोवून भागलं. मग पिल्लं निघाली आणि रानभर हिंडू लागली. आता बांबू कुठे कुठे रोवणार?

"राखीव कापतो, हे ठेवतो," खेरित म्हणाला. "गायींना दोन्हीपैकी एक तरी हवंच. नवऱ्याला विचार, चालेल का."

सुचेताने जेवताना विचारलं.

"पार्सल स्वॅप? कुरणांची अदलाबदल, आता? अर्जाची विंडो मार्चमध्येच क्लोज झाली."

"अरे, पण पिल्लं तिकडे आहेत!"

"सिस्टिमला पिल्लं दिसत नाहीत, सुचेता. गवत दिसतं. तो नॉन-कम्प्लायंट होईल, नकाशावर लाल, आणि माझा शंभर टक्के हिरव्याचा रेट पडेल."

"वरच्यांना विचारून तरी बघ."

"विचारलं की एक्सेप्शन तयार होतं. भात वाढ."

तिला त्याची किळस आली. भात तिने वाढला नाही.

अनुदान सोडणं खेरितला परवडणारं नव्हतं. त्याने मान खाली घालून ट्रॅक्टर चराच्या पलीकडे नेला. ग्रुटोची जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिली. यंत्र गेल्यावर सुचेता कॅमेरा घेऊन कापलेल्या गवतात उतरली.

जूनअखेर अभिजितचं मोठं प्रेझेंटेशन होतं. आदल्या दिवशी तो लाडात येऊन म्हणाला, "तुझ्याकडे पिल्लांचा फोटो असेल ना? लास्ट स्लाइडवर टाक. जरा इमोशनल टच." न बघताच लॅपटॉप तिच्या हातात देऊन तो शर्टाला इस्त्री करायला गेला.

सभागृहात अधिकारी होते, शेतकरी होते, टेबलावर केक होता. "हंड्रेड परसेंट!" अभिजित म्हणाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपलीच पाठ थोपटून घेत त्याने शेवटची स्लाइड लावली.

पडद्यावर कापलेलं गवत होतं आणि त्यात चार पिल्लं, एकही धड नव्हतं. मागे चराच्या दुसऱ्या बाजूला राखीव कुरण हिरवंगार उभं होतं, रिकामं.

टाळ्या थांबल्या. खेरितने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे काय लावलंस?" अभिजित मराठीतच ओरडला.

"पिल्लांचा फोटो," सुचेता पहिल्या रांगेतून म्हणाली. "तूच मागितला होतास."