दंडातला उंदीर

मास्तरांना चहा गार चालायचा, भात करपलेला चालायचा. पण इंग्रजी शब्दाचं मूळ कुणी चुकीचं सांगितलं की संपलंच! भर मांडवात त्यांनी व्याह्यांना उभं-आडवं घेतलं होतं. का, तर व्याही ‘विंडो’चा अर्थ भलताच सांगत होते. "वाऱ्याचा डोळा! विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा!" व्याही बिचारे हातात ताट धरून उभेच राहिले.

आणि अशा माणसाची वाचाच गेली हो. पक्षाघातानं उजवं अंग लुळं पडलं. मुलीनं शिलाई मशीन त्यांच्या खोलीत आणलं आणि ब्लाउज शिवता शिवता त्यांचं सगळं करू लागली. दादा म्हणायचा, "अगं, त्यांना आता काही कळत नाही. तुझी कंबर मोडेल उचलून उचलून."

एका सकाळी काकडी सोलताना ती सहज बोलून गेली, "बाबा, सॅलड शब्द सालीवरून आला असेल, नाही?"

ठक ठक! डाव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटली होती. वर्गात चुकलेल्या पोराच्या बाकावर आपटायची, अगदी तशी.

तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "मीठ, बाबा, मीठ! मीठ लावलेलं ते सॅलड. आहे माझ्या लक्षात!"

तेव्हापासून ती रोज मुद्दाम काहीतरी थाप मारायची आणि म्हातारा रोज चिडून ठोकायचा. तेवढंच काय ते बापलेकींचं बोलणं.

पुढे दादानं वृद्धाश्रमात जागा पाहिली. ती ठणकावून म्हणाली, "तुझ्यासमोर चुकीचं सांगते. त्यांनी ठोकलं तर ते इथेच राहणार. नाही ठोकलं तर ने." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दादा रविवारी आला. तिनं हुकमी शब्द काढला. लहानपणी बाबा दंड फुगवून दोघांना दाखवायचे, "आपण म्हणतो बेडकुळी, म्हणजे बेडूक. रोमन लोकांना उंदीर दिसला. मसल म्हणजे छोटा उंदीर. बघा, बघा, पळाला!"

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मसल शब्द मुसळावरून आला, हो ना?"

डावा हात दांड्यावरच होता. तो हलला नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, गोड हसले आणि मान डोलावली. जन्मात कुणाला पटकन ‘बरोबर’ न म्हणणारा माणूस!

ठक ठक.

तिनं दचकून पाहिलं. दांड्यावर दादाची बोटं होती. "चूक," तो कसाबसा म्हणाला. "उंदीर गं. उंदीर." आणि एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडायला लागला.

शर्त तिचीच होती. तिनं पिशवी भरली, बाबांना धुतलेला सदरा चढवायला घेतला. लुळा हात बाहीत सरकवताना तिनं हलकेच सांगितलं, "बाबा, इथे एक छोटा उंदीर राहतो बरं का."

"आँ?" असा चेहरा करून बाबांनी डोळे मोठे केले. मग डाव्या हातानं बाही वर सारून ते कितीतरी वेळ आत शोधत राहिले.