ती कॅसेट मीच खाल्ली

मी टेपरेकॉर्डर बोलतोय, आणि आधीच कबूल करून टाकतो : ती कॅसेट मीच खाल्ली. उगाच हवेला किंवा धुळीला दोष देऊ नका.

कारखान्यात आम्ही शेकडो भावंडं एका रांगेत जन्मलो. तिथून मी आलो तो थेट टेलरमास्तरांच्या दुकानात, दोऱ्यांच्या रिळांशेजारी फळीवर. माझ्यातला रेडिओ मास्तर फक्त बातम्यांपुरता लावायचे. शिलाई मशीन धडधडायला लागलं की त्यांना त्याही ऐकू यायच्या नाहीत, पण मान मात्र अगदी मन लावून डोलवायचे.

मला खरं काम दिलं ते त्यांच्या पंधरा वर्षांच्या लेकीनं. दुकानामागच्या खोलीत बापलेक दोघंच राहायचे. पोरगी नववीत नापास झाली, मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या. त्यातच मास्तर दोन गिऱ्हाइकांदेखत बोलून गेले, "एवढं साधं जमलं नाही तुला?" झालं! पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. बापाला ताट वाढायची, चहा द्यायची, पण शब्द म्हणून नाही. असे तीन आठवडे गेले. मास्तर आडून आडून विषय काढायचे आणि मग आपणच खोकून मशीन चालवायला लागायचे.

पोरगी दिवसभर माझ्यापाशी बसायची. तिच्याकडे एका गायिकेची एकच कॅसेट होती. आवाज घोगरा, म्हणून मास्तर त्यांना घोगरीबाई म्हणायचे. कॅसेटवरचा फोटो बघून त्यांनी एकच मत दिलं होतं, की बाईंची डावी बाही चुकलीय. स्वभावच तसा, काय करणार?

ती मैफल भरल्या सभागृहात रेकॉर्ड केलेली. तिसऱ्या गाण्यात बाई ओळ विसरतात. सगळं चिडीचूप. मग त्या खळखळून हसतात, "चुकलं, पुन्हा घेऊ या," म्हणतात आणि खरंच ती ओळ पहिल्यापासून गातात. पोरगी तेवढाच तुकडा ऐकायची. मागे घ्यायची, लावायची, पुन्हा मागे घ्यायची. आधी डोळे पुसायची आणि बाई हसल्या की जराशी हसायची. फार बरं वाटायचं मला.

पण तुम्हीच सांगा, इतकं घासल्यावर फीत टिकणार कशी? एका दुपारी ती नेमकी तिथेच सैल पडली आणि मी हावरटासारखी गिळली. पोरगी पांढरीफटक पडली.

मास्तर कात्री घेऊन धावले. चुरगळलेला तुकडा त्यांनी कापून चिंध्यांच्या गोणीत टाकला, दोन्ही टोकं उरेब कापली, कारण तिरका जोड ताण सोसतो, आणि चिकटपट्टी लावली. मी गायला लागलो. गाणं सलग, कुठे अडखळणं नाही. मास्तर खुशीत म्हणाले, "बघ, बाईंची चूकसुद्धा काढून टाकली!"

आणि पोरगी बोलली. "बाबा, मला तीच हवी होती. चुकल्यावरही हसतात बाई. मला कुणी पुन्हा घे असं म्हणालंच नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी चिंध्यांची गोणी जमिनीवर पालथी केली आणि हातभर फीत शोधून काढली. नखानं सपाट केली, परत जोडली. पण सवय कापडाची! चकचकीत बाजू तीच सुलट, असं समजून त्यांनी ती उलटी लावली. बाईंच्या हसण्याच्या जागी मी अशा काही गुळण्या केल्या, की पोरगी फस्सकन हसली.

मास्तरही हसले. "चुकलं," ते म्हणाले. "त्या दिवशीही चुकलंच माझं. आण इकडे, उसवू. पुन्हा घेऊ या."

या वेळी एक टोक पोरीनं धरलं होतं.

नववीही तिनं पुन्हा घेतली. आता ती कॉलेजात जाते. माझं एक बटण आत बुडालंय, झाकण रबरबँडवर टिकून आहे. तिसऱ्या गाण्यातला तो जोड आला की मी खरखरतो आणि मास्तर मशीन थांबवून ऐकतात. उद्या मला भंगारात द्यायचं ठरलं तर खुशाल द्या, मी कुरकुर करणार नाही. फक्त आधी माझं पोट तपासा आणि ती कॅसेट निघाली तर पोरीच्या हातात द्या.